स्पेनच्या राजाचा निवाडा

श्रोतेहो, पंच नेमताना दोन्ही पक्ष मान डोलावतात. खरी कसोटी लागते ती निकाल विरुद्ध गेल्यावर. मग हरलेला म्हणतो, पंचच रीतसर नेमलेले नव्हते! गावच्या पारावर ऐकू येणारी ही तक्रार एकदा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली. तीच हकीकत सांगतो.

मध्य अमेरिकेत होंडुरास आणि निकाराग्वा ही शेजारी राष्ट्रे. १८९४ साली त्यांनी हद्द ठरवण्यासाठी तह केला. मिश्र मंडळाने पॅसिफिक किनाऱ्यापासून तेओतेकासिंतेच्या खिंडीपर्यंत हद्द आखली. पुढे अटलांटिकपर्यंत काही जमेना. शेवटी स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो याला पंच केले. २३ डिसेंबर १९०६ रोजी त्याने निवाडा दिला : हद्द कोको नदीच्या मुखापाशी, ग्रासियास-अ-दिओस भूशिराजवळ. नदीच्या उत्तरेचा मोठा मुलूख होंडुरासकडे गेला.

आता गंमत पाहा. निकाल लागून दोनच दिवस झाले, आणि निकाराग्वाचे अध्यक्ष सेलाया यांनी होंडुरासच्या अध्यक्षांना तार करून त्यांचे अभिनंदन केले. पुढच्याच महिन्यात निवाडा त्यांच्या सरकारी गॅझेटात छापूनही आला. आपल्याकडे मराठेशाहीत हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. ही तार म्हणजे जवळजवळ तेच की! पण १९१२ च्या मार्चमध्ये निकाराग्वाने पवित्रा बदलला : हा निवाडा आम्हांस बंधनकारक नाही. प्रकरण चिघळत गेले आणि १९५७ साली सीमेवर चकमकी झडल्या. तेव्हा अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या मध्यस्थीने दोघे न्यायालयात जायला कबूल झाले.

निकाराग्वाचे म्हणणे असे : राजाला पंच नेमताना तहातल्या पायऱ्या पाळल्या नाहीत. शिवाय तह दहा वर्षांचा. तो ७ ऑक्टोबर १९०४ ला संपला, आणि राजाने काम स्वीकारले १७ ऑक्टोबरला. म्हणजे पंचाला अधिकारच उरला नव्हता. निवाड्यात चुका आहेत, कारणे पुरेशी नाहीत, हेही होतेच.

न्यायालयाने तारखा तपासल्या. तह अमलात आला तो सही झाली तेव्हा नव्हे, तर मंजुरीपत्रांची देवघेव झाली तेव्हा, २४ डिसेंबर १८९६ ला. म्हणून मुदत संपली २४ डिसेंबर १९०६ ला. निवाडा त्याच्या आदल्या दिवशीचा! एका दिवसाने वाचला म्हणा ना.

पण निकालाचा खरा भार तारखेवर नाही, वागण्यावर आहे. तुम्ही राजाला खुशीने मानलेत, त्याच्यापुढे कैफियत मांडलीत, तेव्हा हरकत घेतली नाहीत, निकालावर अभिनंदन केलेत. आता नेमणूक चुकली कसे म्हणता? आणि पुराव्याचे वजन करणे पंचाचे काम. आम्ही अपिलाचे कोर्ट नव्हे. १८ नोव्हेंबर १९६० रोजी चौदा विरुद्ध एक मतांनी निवाडा वैध ठरला. विरुद्ध मत पडले ते निकाराग्वाने नेमलेल्या न्यायमूर्तींचे. मला हा निकाल रास्त वाटतो. हरकत घ्यायची ती पंच बसला असताना घ्यावी. निकालाची वाट पाहून घेतलेली हरकत कोण मनावर घेईल?

मात्र कोको नदीच्या दोन्ही तीरांवर मिस्किटो लोकांची वस्ती होती. त्यांना ना राजाने विचारले होते, ना न्यायालयात त्यांची बाजू होती. हद्द अमलात आली तेव्हा त्यांच्यातली कित्येक कुटुंबे उत्तरतीरावरची घरे सोडून नदीपलीकडे निकाराग्वात गेली.