कलकत्त्यातील पहिले शवविच्छेदन

मृतदेह समोर आला की मनात जे कालवते ते भय, किळस की आदर, हे माणसाला स्वतःलाही पुष्कळदा सांगता येत नाही. वैद्यकाच्या नव्या विद्यार्थ्याला मात्र या तिन्ही भावना पोटात घेऊन हाती शस्त्र धरावे लागते. आज दरसाल हजारो तरुण हा अनुभव घेतात, आणि त्यांच्या आधी तो घेतलेले असंख्य लोक त्यांना धीर द्यायला असतात. १८३६ साली कलकत्त्यातल्या मुलांना असा आधार नव्हता.

लॉर्ड विल्यम बेंटिंक यांच्या हुकमाने २८ जानेवारी १८३५ रोजी कलकत्ता मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. त्यापूर्वी तेथील संस्कृत कॉलेजात चरक-सुश्रुत शिकवीत. विद्यार्थी हाडे हाताळीत, जनावरांचे अवयव कापून पाहत. माणसाच्या देहापाशी येऊन मात्र सगळेच थांबत. वास्तविक सुश्रुताने शारीरस्थानात प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, नंतर वाळ्याच्या वा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे स्पष्ट सांगितले आहे. पाठांतर राहिले, पाहणे सुटले. शास्त्रांची अशी गत आपल्याकडे एकट्या वैद्यकाचीच झाली असे नाही.

नव्या कॉलेजात घेतलेले विद्यार्थी चौदा ते वीस वर्षांचे, बहुतेक प्रतिष्ठित घराण्यांतले. त्यांच्यापुढचा पेच केवळ किळसेचा नव्हता. आपल्या माणसाच्या तिरडीला खांदा देणे हे कर्तव्यच; त्याचा विटाळ स्नानाने आणि सुतकाने फिटतो. पण ज्याची जात ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही, अशा परक्याच्या प्रेतावर रोज उठून हात चालवायचा, त्याचे सुतक किती दिवस धरायचे? पंक्तीतून उठवले गेलो तर? लग्ने कशी जमायची? ही भीती त्या कोवळ्या मनांना सुरीपेक्षा अधिक टोचत असली पाहिजे.

आणि हे भय हिंदूंचेच होते असेही समजू नये. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी शारीरविद्येच्या शिक्षकाला प्रेते विकण्यासाठी सोळा माणसांचे खून पाडल्याचे उघडकीस आले. १८३१ साली अ‍ॅबर्डीनच्या जमावाने शवविच्छेदनाची इमारतच जाळून टाकली. बेवारशी प्रेते अभ्यासासाठी देण्याचा इंग्लंडातला कायदा १८३२ चा. म्हणजे कलकत्त्याचे कॉलेज त्याहून अवघे तीन वर्षांनी लहान.

ही कोंडी फोडली ती पंडित मधुसूदन गुप्त यांनी. जातीने वैद्य, संस्कृत कॉलेजातले वैद्यकाचे अध्यापक, आणि हूपरच्या इंग्रजी शारीरग्रंथाचे संस्कृत भाषांतरकार. पस्तिशीच्या सुमाराचा हा गृहस्थ म्लेंच्छविद्येला भुललेला कोवळा पोर नव्हता. परंपरेने १० जानेवारी १८३६ ही तारीख सांगितली जाते. कॉलेजचे प्रमुख डॉक्टर ब्रॅम्ली यांच्या अहवालात मात्र त्याच वर्षीच्या २८ ऑक्टोबरची नोंद आहे: चार विद्यार्थ्यांनी आपण होऊन मागणी केली आणि सर्व प्राध्यापकांसमोर व चौदा सहाध्यायांसमोर मानवी देहाचे विच्छेदन करून दाखवले. तारखांचा हा वाद संशोधकांनी खुशाल चालवावा. कदाचित आधी गुरूने हात घातला आणि मग शिष्य धजले, इतकाच त्याचा अर्थ असेल.

त्या प्रसंगाचे जिवंत वर्णन ड्रिंकवॉटर बेथून यांनी तेरा-चौदा वर्षांनंतर, मधुसूदनांचे तैलचित्र कॉलेजला अर्पण करताना केले. डॉक्टर गुडीव्ह यांच्या मागोमाग मधुसूदन शस्त्र घेऊन, प्रेत ठेवलेल्या कोठीत शिरले. आत जाण्याचे धैर्य इतरांना होईना, आणि दूर जाणेही होईना. ते दाराशी गर्दी करून, झडपांच्या फटींतून डोकावत राहिले. मधुसूदनांच्या न कापणाऱ्या हाताने छातीवर लांब, खोल छेद घेतला, तेव्हा असह्य ओझे उतरावे तसा सर्वांनी एकदम श्वास सोडला. फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली असेही बंगालात सांगतात. ती गोष्ट आख्यायिकेत जमा करावी. त्या फटींतून सुटलेला श्वास तोफांपेक्षा अधिक खरा वाटतो.

ब्रॅम्ली पुढच्याच जानेवारीत निवर्तले. काम थांबले नाही. १८३७ साली साठ शवांचे विच्छेदन झाले, १८३८ साली त्याच्या दुप्पट, आणि १८४४ साली पाचशेहून अधिक. उमाचरण सेट, द्वारकानाथ गुप्त, राजकृष्ण दे आणि नवीनचंद्र मित्र हे १८३८ च्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. भय इतक्या लवकर सरले याचे नवल वाटते. पण भय सरते आणि सवय जडते, तेव्हा आदरही सरण्याचा धोका असतो. त्या पाचशे देहांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ते गरिबांचे, बेवारशांचे देह होते.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले आणि भाऊ दाजी लाड तेथल्या पहिल्या तुकडीत होते, तोवर कलकत्त्याने वाट पाडली होती. त्या वाटेशी महाराष्ट्राचे आणखी एक नाते आहे. गोपाळराव जोशी टपालखात्याच्या नोकरीनिमित्त कलकत्त्यास व श्रीरामपुरास असताना, १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात आपला परदेशगमनाचा निश्चय जाहीर केला आणि एप्रिलात कलकत्त्याहूनच त्या जहाजावर चढल्या.

बेवारशी देहांवरच विद्या चालावी, हे त्या शहराला पुढे पटेनासे झाले. बंगालात देहदानाची चळवळ रुजली. २०१० साली ज्योती बसू यांचा आणि २०२४ साली बुद्धदेव भट्टाचार्य यांचा देह कलकत्त्यातल्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्वाधीन झाला. पहिल्या वर्गातली मुले टेबलाभोवती उभी राहतात तेव्हा त्यांचे हात आजही थरथरतात. मात्र अनेक ठिकाणी आता शस्त्र उचलण्यापूर्वी देहापुढे शपथ घेतात, आणि त्या देहाला ‘पहिला गुरू’ म्हणतात.