सोळा की अठरा? एका भत्त्याची गोष्ट



डब्लिनमध्ये ग्रीन लाइनच्या लुआसने ग्रेंजगॉर्मनला तुमच्यापैकी कित्येक जण उतरले असाल. टीयू डब्लिनचा कॅम्पस तिथेच आहे. दोनशे वर्षांपूर्वी याच जागी रिचमंड असायलम उघडलं, पुढे त्याचं सेंट ब्रेंडन्स हॉस्पिटल झालं. आपण थट्टेत एखाद्याला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतो ना, तसंच जुन्या डब्लिनकरांच्या तोंडी ग्रेंजगॉर्मनचं नाव असे. 1950च्या दशकाच्या अखेरीला आयर्लंडच्या मनोरुग्णालयांत वीस हजारांच्या आसपास माणसं होती. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांहूनही कमी होती.

हे आज सांगायचं कारण एक फॉर्म आहे. घरात पंधरा वर्षांचं मूल आहे, महिनोन्‌महिने शाळेत गेलेलं नाही, कॅम्समध्ये उपचार चालू आहेत. घरी सांभाळता म्हणून तुम्हाला दरमहा डोमिसिलिअरी केअर अलाउन्स मिळतो. मग कळतं, सोळावा वाढदिवस झाला की तो बंद. पुढे डिसॅबिलिटी अलाउन्स, आणि त्यासाठी अर्ज नव्याने करायचा.

सोळाच का? उत्तर 1953च्या आरोग्य कायद्यात आहे. त्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपंग माणसांसाठी निर्वाहभत्ता आणला. तेव्हा सक्तीची शाळा चौदाव्या वर्षी संपत होती. सोळाव्या वर्षी पोरगा शेतात, नाहीतर दुकानात कमावता झालेला असे. त्या काळाला ते वय शोभून होतं. पुढे सगळं बदललं. सज्ञान होण्याचं वय 1985च्या कायद्याने एकवीसचं अठरा झालं, सक्तीची शाळा 2000च्या कायद्याने सोळापर्यंत गेली. 1973मध्ये लहान मुलांसाठी डोमिसिलिअरी केअर अलाउन्स आला तोही सोळापर्यंतच, म्हणजे जुन्या रेषेला जोडूनच. 1996मध्ये जुन्या भत्त्याचा डिसॅबिलिटी अलाउन्स झाला आणि काम हेल्थ बोर्डांकडून समाजकल्याण खात्याकडे गेलं. रेषा होती तिथेच राहिली.

हलवायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. डिसेंबर 2011च्या अर्थसंकल्पात हा भत्ता अठरापासूनच द्यायचा आणि तरुणांचा दर कमी करायचा, असा प्रस्ताव होता. इतका गदारोळ झाला की सरकारला काही दिवसांतच तो थांबवावा लागला. मंदीचे दिवस होते. वयाचा प्रश्न रास्त होता, पण तो पैसे वाचवायच्या गाडीला जुंपला होता.

दवाखान्याचं मात्र वेगळंच. 2001च्या मानसिक आरोग्य कायद्यात अठराखालचं मूल म्हणजे मूलच, कॅम्सही साधारण अठरापर्यंत. म्हणजे सोळा ते अठरा तुमचं लेकरू पैशाच्या खिडकीवर मोठं आणि डॉक्टरांच्या खिडकीवर लहान! उपचाराची टीम बदलते तेव्हा फॉर्म भरून दोन वर्षं झालेली असतात, तेवढाच एक फायदा.

आता खरी अडचण. आपल्या घरांत आईबाबांचा हात फॉर्मवर थबकतो तो ‘डिसॅबिलिटी’ या शब्दापाशी. शिक्का बसेल, गावाकडे कळेल, लग्नाचं काय. मला ही भीती हसण्यावारी नेता येत नाही. पण भिंतीआडच्या माणसांची स्थिती आठवा. संस्थेत राहणाऱ्यांना हा भत्ता पूर्ण दराने मिळायला 2007 उजाडलं. त्याआधी घरी राहणाऱ्याच्या हातात जे येई, ते वॉर्डातल्याच्या हातात येत नसे. आणि मंजूर झाला म्हणजे जन्माचा, असंही नाही. निकष आहे तो आजार किमान एक वर्ष टिकेल का, आणि त्याने कामावर मोठी मर्यादा येते का. शिक्षण चालू ठेवता येतं. नोकरी लागली, तर 2025मध्ये आठवड्याच्या 165 युरोंपर्यंतची कमाई धरत नव्हते.

उत्पन्न तपासतात ते मुलाचं, तुमचं नाही. बाबा आयटीत आहेत म्हणून कित्येक घरं अर्जच करत नाहीत, ते उगाच. 2025मध्ये आठवड्याला पूर्ण दर 244 युरो होता. आधीचा भत्ता महिन्याला 360. आपल्यासाठी आणखी एक अट आहे, हॅबिच्युअल रेसिडन्सची, 2004पासूनची. व्हिसाचा प्रश्न असेल तर अर्जाआधी सिटिझन्स इन्फर्मेशन सेंटरमध्ये विचारा, फुकट सांगतात.

अर्ज वाढदिवसाच्या काही महिने आधीच हाती घ्या. त्यात आजाराचं नाव लिहून थांबू नका. सकाळी उठवायला किती वेळ लागतो, बसमध्ये एकट्याने बसता येतं का, आंघोळीसाठी किती वेळा सांगावं लागतं, रात्री कोण जागं असतं, हे लिहा. आपल्याला चांगल्या दिवसाबद्दल बोलायची सवय असते; इथे वाईट दिवसाबद्दल लिहायचं. डॉक्टरांचा भाग जीपी भरतील, त्यांनाही तेच सांगा. आणि पाकिटात घालण्याआधी तो कागद मुलाला वाचायला द्या. अर्ज त्याच्या नावाचा आहे.