पोपट कुठला आणायचा?

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाळ्या, मला एक राघू आणून दे. तुम्ही तिघं साडेनऊला जाता ते संध्याकाळी उगवता. दिवसभर घरात आवाज म्हणून नसतो."

आईचा पोपटाचा अनुभव दांडगा. वाईच्या आमच्या वाड्यात तिच्या सासूबाईंचा राघू होता. आजी दिवसभर जे ओरडायची ते त्याला तोंडपाठ. "सूनबाई, पाणी तापलं का?" हे तो इतकं हुबेहूब विचारी, की आजी गेल्यानंतरही कित्येक दिवस आई स्वयंपाकघरातून "हो, आलेच" म्हणून ओ देई. सासू गेली तरी सासुरवास शाबूत ठेवणारा दुसरा प्राणी माझ्या पाहण्यात नाही.

मी पडलो बी.कॉम. त्यातून बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर. रद्दी विकायची झाली तरी तीन कोटेशनं मागवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोपटाचीही मागवली. आमचा शिपाई कानाशी येऊन म्हणाला, "स्टेशनच्या मागं एकजण पिशवीतून देतो. पहाडी पायजे तर पहाडी. फक्त बिल मागू नका साहेब." एका दुकानदाराने हिरवे-पिवळे चिमुकले बजरीगर दाखवले. मूळ ऑस्ट्रेलियाचे, पण हे पिंजऱ्यातच जन्मलेले, तेव्हा निर्धास्त न्या म्हणाला. तिसऱ्याकडे आफ्रिकेचा करडा पोपट होता. त्याची किंमत ऐकून मला वाहनकर्जाचा फॉर्म डोळ्यांसमोर दिसू लागला.

पण डोक्यात राहिलं ते 'बिल मागू नका'. ज्या मालाचं बिल मिळत नाही तो येतो कुठून, हा प्रश्न व्हाउचरं तपासून तपासून चष्म्याचा नंबर वाढवून घेतलेल्या माणसाला पडणारच. म्हणून शनिवार-रविवार वाचनालयात जाऊन बसलो आणि पोपटाचं खातं पार मागपर्यंत उकरलं.

परदेशात आपल्या पोपटाची पहिली मोठी जाहिरात केली ती क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने. हा इराणच्या बादशहाच्या पदरी होता. इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानात पाऊल न टाकता. (आमच्या हेड ऑफिसचे शाखांवरचे अहवाल असेच असतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.) त्यात तो सांगतो, की तिकडे एक पक्षी आहे, तो तिथल्या माणसांची भाषा बोलतो आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल. पुढे सिकंदर खरोखरच आला आणि त्याच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस ह्याने पोपट हे आश्चर्य म्हणून नोंदवलं. त्यानंतर साडेचार-पाचशे वर्षांनी आरियन हा इतिहासकार निआर्कसचा मजकूर उतरवायला बसला आणि पोपटापाशी येऊन म्हणाला, हे मी काही वर्णन करत बसत नाही, मी स्वतः पुष्कळ पाहिलेत.

ह्या एका वाक्यात सगळा आयातव्यापार आला. जे आश्चर्य होतं ते बाजारात मिळू लागलं होतं. रोममध्ये ओव्हिडने आपल्या प्रेयसीच्या पोपटाच्या निधनावर कविता केली, तो पोपटही आपल्याकडचाच. प्लिनी पहिल्या शतकात लिहितो, की पोपटाचं डोकं फार टणक, म्हणून बोलायला शिकवताना लोखंडी कांबीने मारावं लागतं. हे वाचून आमचे चौथीचे गुरुजी कोणत्या परंपरेतले होते ते कळलं. एका रोमन बादशहाने सिंहांना पोपट खाऊ घातले असंही त्याच्या चरित्रात आहे, पण ते चरित्र थापांबद्दल प्रसिद्ध आहे, तेव्हा सोडून देऊ.

आपल्याकडे मात्र प्रकरण घरंदाज. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत पोपट-मैनांना बोलायला शिकवणं ही एक रीतसर कला आहे. 'शुकसप्तती'तला पोपट नवरा परगावी गेलेल्या बाईला रोज रात्री एक गोष्ट सांगून घरात अडकवून ठेवतो. असल्या सत्तर गोष्टी. आमच्या सौ.च्या मते ह्या कामाला हल्ली टीव्हीवरच्या मालिका आहेत.

आणि अगदी अलीकडचं म्हणाल तर अ‍ॅलेक्स. 1977 साली आयरीन पेपरबर्ग ह्या बाईंनी शिकागोजवळच्या एका दुकानातून आफ्रिकेचा करडा पोपट घेतला. कुठला घ्यायचा हे त्यांनी दुकानातल्या माणसालाच ठरवायला लावलं. नाहीतर लोक म्हणाले असते, हुशार बघून उचलला. तो अ‍ॅलेक्स पुढे रंग ओळखू लागला, आकार ओळखू लागला, सहापर्यंत मोजू लागला आणि शून्याच्या आसपासचं काहीतरी त्याला उमगलं होतं म्हणतात. (आमच्या काही खातेदारांना तीनदा पासबुक छापून दिलं तरी शून्य उमगत नाही.) 2007 साली एकतिसाव्या वर्षी तो गेला.

इतकं वाचल्यावर लक्षात आलं, की पोपट काय बोलला ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. तो आला कुठून, हे विचारायला सवड कोणाला झालेली नाही. एक अपवाद सापडला, आणि तो लिहिणाऱ्याने पोपटाच्याच तोंडी घातलाय.

सातव्या शतकातला बाणभट्ट. नॉव्हेलला आपण कादंबरी म्हणतो ते ज्याच्या पुस्तकावरून. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून पोपट आणते. पोपट उजवा पाय उचलून राजाचा जयजयकार करतो. दरबार थक्क! मग तो आपली हकीकत सांगतो. विंध्याच्या रानात सावरीचं एक जुनं झाड, त्याच्या ढोलीढोलीत पोपटांची घरं. आई बाळंतपणातच गेलेली, म्हाताऱ्या बापाने वाढवलेलं. एके दिवशी शिकाऱ्यांची टोळी येते. ती निघून गेल्यावर एक म्हातारा शबर मागे राहतो, शिडीवरून चढावं तसा झाडावर चढतो आणि फळं तोडावीत तशी पिल्लं काढून, मारून खाली टाकतो. बाप पिल्लाला पंखाखाली घेतो. बाप मरतो. पिल्लू सुकल्या पाचोळ्यावर पडतं म्हणून वाचतं.

आजही पिल्लं झाडांच्या ढोल्यांतूनच काढतात, पिसं पुरती फुटायच्या आत. लहानपणी धरलेलं लवकर बोलतं, म्हणून.

सरकारने मात्र एव्हाना वही घातली आहे. 1972 चा वन्यजीव कायदा, 1991 पासून देशी रानपाखरांच्या व्यापाराला बंदी, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपला गुलाबी कंठाचा साधा राघूदेखील दुसऱ्या अनुसूचीत. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. करड्या पोपटाचं म्हणाल, तर रानातून धरलेल्यांचा देशोदेशींचा व्यापार 2016 च्या जोहान्सबर्गच्या परिषदेने बंद पाडला. आपल्याकडे तो पाळायचा तर 2024 च्या नियमांप्रमाणे नोंदणी हवी. म्हणजे पोपटाचंसुद्धा केवायसी! स्टेशनमागच्या पिशवीत बिल का नव्हतं, ते इथे जुळलं.

रविवारी संध्याकाळी चहा घेताना मी हे सगळं आईला सांगितलं. प्लिनीला ती हसली. बाणभट्टाला गप्प झाली. मग बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाली, "आपला राघू जोडीनं आला होता."

हे मला नवीन होतं.

"मी नवी नवरी. एक माणूस टोपली घेऊन दारात आला. सात-आठ पिल्लं होती, पिसं नव्हती धड. सासूबाईंनी दोन निवडली. एक दुसऱ्या दिवशी गेलं. परसात पुरलं मी. त्याचं नावही ठेवलं नव्हतं." थोडं थांबून म्हणाली, "टोपलीतल्या बाकीच्यांचं काय झालं असेल रे?"

मी काय सांगणार? मी म्हणालो, "बजरीगर आणू का? ते कायदेशीर आहेत."

"नको," ती म्हणाली, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी बँकेतून आलो. चपला काढता काढता सवयीने सुरू झालो, "आज पुन्हा सर्व्हर बंद. काउंटरवर ही गर्दी. मॅनेजर रजेवर." आतून आईने विचारलं, "आणि तो पेन्शनवाला?" म्हटलं, "तोही आला होता. पासबुक छापून द्या म्हणाला."

आई बाहेर आली. हातात पेरूची फोड होती, तिखटमीठ लावलेली. ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "रोज तेच आणि तेवढंच बोलतोस. मी उगीच बाहेर शोधायला सांगितला."