शिकविणाऱ्यांची शाळा

शिकाऊ परिचारिकेने आयुष्यातील पहिले इंजेक्शन कोणाच्या दंडात द्यावे? पिढ्यान्‌पिढ्या याचे उत्तर एकच होते: समोर जो रुग्ण असेल त्याच्या. आता हा पहिला सराव अनेक परिचर्या महाविद्यालयांत मानवी पुतळ्यावर करून घेतात. या पद्धतीस 'सिम्युलेशन' म्हणतात. ती संगणकयुगाची देणगी आहे, असा आपला समज असतो. इतिहास मात्र आपणांस अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये नेतो.

मादाम द्यु कुद्रे ही पॅरिसची परवानाधारक सुईण. अप्रशिक्षित हातांमुळे खेडोपाडी बाळंतिणी व अर्भके दगावत, हे तिने जाणले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना नुसती व्याख्याने काय कामाची? म्हणून तिने कापड व चामडे शिवून एक 'यंत्र' घडविले. स्त्रीचा कटिभाग, गर्भाशय आणि त्यात कापडी बाळ, अशी त्याची रचना होती. मूल आडवे असो वा पायाळू, त्यास कसे हाताळावे हे प्रत्येकीने स्वतःच्या हातांनी, चुकतमाकत शिकावे, हा तिचा आग्रह. १७५९ साली पंधराव्या लुई राजाने तिला देशभर शिकविण्याची सनद दिली. पुढे १७८३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन तपे, ती गावोगाव फिरली आणि तिने हजारो स्त्रियांना शिकविले.

आम्हांस तिची थोरवी आणखी एका गोष्टीत दिसते. आपण पुढच्या गावी गेल्यावर येथे कोण शिकविणार, याचा विचार तिने केला. ठिकठिकाणच्या शल्यवैद्यांना तिने त्या यंत्रावर शिकविण्याची रीत शिकविली आणि यंत्र त्यांच्या स्वाधीन केले. शिक्षक घडविल्यावाचून यंत्र म्हणजे केवळ चिंध्यांची बाहुली, हे तिने ओळखले होते. तिच्या यंत्रांपैकी एक आजही रुआं येथील संग्रहालयात पाहावयास मिळते.

१९११ साली अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात माणसाएवढी बाहुली आली. बाहुल्या बनविणाऱ्या मार्था चेस यांनी ती घडविली, म्हणून ती 'मिसेस चेस' याच नावाने ओळखली गेली. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, कपडे कसे बदलावे, हे विद्यार्थिनी तिच्यावर शिकल्या. त्यानंतर पुतळे बदलत गेले. आता त्यांची नाडी लागते, श्वासही चालतो.

परंतु शिक्षकांचे काय? २०१४ साली अमेरिकेतील दहा परिचर्या अभ्यासक्रमांच्या अभ्यासातून असे दिसले, की प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या शिक्षणातील निम्मे तासही अशा सरावास दिले तरी विद्यार्थ्यांची तयारी उणी पडत नाही. मात्र शिक्षक या पद्धतीत प्रशिक्षित हवेत. प्रसंग कसा उभारावा, चूक होताना केव्हा गप्प राहावे, सरावानंतर न दुखावता त्या चुकीची चर्चा कशी करावी, हे त्यांनाही शिकावे लागते.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान दिले, ही समाधानाची बाब होय. आता पुतळे येतील. मात्र ते कपाटात धूळ खात पडू नयेत, यासाठी आधी शिक्षकांचे हात तयार व्हावयास हवेत. पुतळ्यावरील चूक सुधारता येते. रुग्णाच्या बाबतीत तशी संधी दर वेळी मिळत नाही.