कोळशावर धावलेल्या मोटारी

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून आमच्या घरी गावाला जायचे बेत आधी हिशेब करून ठरतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र पैसे मोजूनही पेट्रोल मिळत नसे. १९४१मध्ये रेशनिंग आलं. मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचं तेलही बंद झालं.

तेव्हा उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी लाकडी कोळशावर धावू लागल्या. माझे वडील अशाच एका मोटारीवर क्लीनर होते. गाडीच्या मागे उंच लोखंडी भट्टी. कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवत राहायचं, आणि अपुऱ्या हवेत अर्धवट जळून निघालेला वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. उतारू येण्याच्या कितीतरी आधी वडील भट्टीशी बसलेले असत. वाटेत राख काढायची, पुन्हा कोळसा भरायचा. या वायूवर इंजिनाचा जोर बराच घटे. खंबाटकी घाटाच्या चढाला धडधाकट माणसं उतरून मागून रेटा देत. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असे, वास नसलेलं विष. वडिलांचं डोकं दिवसभर ठणकायचं. युद्धाच्या इतिहासात सेनापती येतात, हे क्लीनर येत नाहीत, हा मला अन्याय वाटतो. बाजार, लग्नं, कोर्टाच्या तारखा त्यांच्याच जिवावर चालू राहिल्या.

१९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव भडकले, तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. ते सगळ्यांना आठवतं, कोळशाच्या मोटारी मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत. भट्टीच्या मोटारीचा फोटो तुमच्या घरी असेल तर जपा, आणि मागे गावाचं, माणसांचं नाव आजच लिहून ठेवा.