रामसीतेचा आणा खरा की खोटा?

मोबाईलवरच्या लिलावात तांब्याचं एक नाणं फार दिसतं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि साल १८१८. किंमत सांगतात लाखांत.

आपण इतिहास पाहू. १८१८ ला पेशवाई बुडाली. तेव्हा आपल्या बाजारात शिवराई पैसा आणि अंकुशी रुपया चाले. कंपनीच्या मुंबई, मद्रास, कलकत्ता इलाख्यांची नाणीही वेगवेगळी होती. सगळीकडे एकसारखं नाणं आलं ते १८३५ च्या कायद्याने. त्या रुपयावर विल्यम राजाचा चेहरा, तर तांब्याच्या पैशावर दोन सिंहांचं कंपनीचं चिन्ह. रामदरबाराचा आणा कंपनीने कधीच पाडला नाही. तो देवघरात टाकाशेजारी खुशाल ठेवावा, पण त्यासाठी गटाची बचत मोडू नये.

खऱ्या नाण्यातही फेरफार होतो. गळ्यातल्या माळेची कडी काढून भोक बुजवतात, सालाचा आकडा खरवडून बदलतात. म्हणून दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो मागावा. राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम असतं, झिजून थोडं कमी भरेल. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही.

आणि आपलं नाणं विकताना कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी कमिशन किंवा कर मागितला, तर तो ठगच. बँकेने २०२१ मध्येच सांगितलं आहे, की असल्या व्यवहारात ती नसते. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा.