कॉर्न स्नेकच्या वर्णप्रकारांची पैदास : एक ऐतिहासिक आढावा (१९५३ ते २०२०)

प्रस्तावना :
पाळीव प्राण्यांचा इतिहास लिहिताना गाय, घोडा, कुत्रा, कबूतर यांचा विचार प्रामुख्याने होतो. सर्पाला त्यात सहसा स्थान मिळत नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका बिनविषारी सापाची केवळ रंगासाठी पद्धतशीर पैदास सुरू झाली. तो साप म्हणजे ‘कॉर्न स्नेक’ होय. या पैदाशीतून आनुवंशिकीच्या ज्ञानात कोणती भर पडली आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राणी आणि त्याचा प्रदेश :
कॉर्न स्नेक हा आग्नेय अमेरिकेतील साप आहे. आपल्याकडील धामणीप्रमाणे तोही कोल्युब्रिडी कुळातील असून उंदीर हे त्याचे मुख्य भक्ष्य आहे. मात्र धामण सहसा भक्ष्याला वेटोळ्यात आवळत नाही, हा साप आवळतो. लिनियसने १७६६ मध्ये ‘कोल्युबर गटॅटस’ या नावाने त्याची नोंद केली. पुढे तो दीर्घकाळ ‘एलाफे’ या प्रजातीत गणला गेला व आज ‘पँथेरोफिस गटॅटस’ म्हणून ओळखला जातो. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे पट्टे हे त्याचे नैसर्गिक रूप.

या रूपाची कीर्ती वाढविण्यात स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड यांचा वाटा मोठा आहे. १९५७ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील ओकीटी परिसरातील तेजस्वी रंगाच्या सापांचे वर्णन केले. त्यानंतर अनेक संग्राहक त्या परिसराकडे वळले. आरंभी सुंदर रंगाचा शोध रानात घेतला जात होता. तो पिंजऱ्यात निर्माण करण्याची कल्पना नंतरची.

घरगुती प्रयोगातून सिद्धांताकडे :
१९५३ मध्ये उत्तर कॅरोलिनात काळ्या रंगद्रव्याचा अभाव असलेला एक नर आढळला. जॉर्जिया राज्यातील व्हॅल्डोस्टा येथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून पैदास केली. सामान्य मादीशी झालेल्या संकरातील पिल्ले दिसण्यात सामान्यच होती. पुढच्या पिढीत, १९६१ मध्ये, मेलॅनिनविरहित पिल्ले जन्मली. बर्नार्ड व एलिझाबेथ बेक्टेल या दांपत्याने १९६२ मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा गुण अप्रभावी जनुकाद्वारे संक्रमित होतो, हे त्यातून सिद्ध झाले. मेंडेलने वाटाण्यावर पाहिलेला नियम येथे सापाच्या अंड्यांतून प्रत्ययास आला. विशेष म्हणजे हा प्रयोग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर एका व्यावसायिक वैद्याच्या छंदातून घडला.

गुणोत्तराचे बाजारमूल्य :
पुढील दशकांत तांबड्या रंगाचा अभाव असलेला ‘ॲनरिथ्रिस्टिक’ प्रकारही पैदाशीत आला. मेलॅनिनविरहित व ॲनरिथ्रिस्टिक सापांचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले सामान्य दिसतात. त्या पिल्लांचा परस्पर संकर केला असता ९:३:३:१ या प्रमाणात, म्हणजे १६ पैकी सरासरी एक पिल्लू दोन्ही गुण प्रकट करते. या पांढरट-गुलाबी सापास ‘स्नो’ म्हणतात. साप प्रजननक्षम होण्यास दोन ते तीन वर्षे लागत असल्याने अशा एका पिल्लासाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागते.

याच प्रतीक्षेतून एक अनोखी बाजारपद्धती उदयास आली. जनुक अंगी असूनही ते न दाखविणाऱ्या सापास पैदासकार ‘हेट’ म्हणतात. दोन हेट सापांच्या सामान्य दिसणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी तीनांतील दोन वाहक असतात. म्हणून अशी पिल्ले ‘६६ टक्के हेट’ या नावाने विकली जातात. ग्राहक येथे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाचे नव्हे, तर संभाव्यतेचे मोल देतो. मेंडेलचे गुणोत्तर अशा रीतीने दरपत्रकात उतरले आणि पैदासकाराची नोंदवही हाच विश्वासाचा आधार ठरला.

अदृश्य जनुकाची दुसरी बाजू :
अप्रभावी रंग प्रकट करण्यासाठी नात्यातील सापांचा संकर हा सर्वांत सोपा मार्ग होय. परंतु जी पद्धत लपलेला रंग वर आणते, तीच लपलेला दोषही वर आणते. ‘सनकिस्ड’ या वर्णप्रकाराच्या वंशात ‘स्टारगेझर’ नावाचा मज्जासंस्थेचा विकार आढळला. बाधित सापाचे डोके वर वळते, तोल जातो व तो उलटा होतो. हा विकारही अप्रभावी असल्याने वाहक साप निरोगी दिसतो. ज्ञात वाहकाशी संकर करून चाचणी घेतली, तरी वाहक सापाची दहाही पिल्ले निव्वळ योगायोगाने निरोगी निघण्याची शक्यता सुमारे ५.६ टक्के राहते. शिवाय अशा चाचणीत बाधित पिल्ले जन्मास घालावी लागतात. ज्ञानाची किंमत येथे प्राणी मोजतो.

प्रयोगशाळेकडे परत :
२०१४ मध्ये कॉर्न स्नेकच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये मेलॅनिनविरहित प्रकाराचे कारण ओसीए-२ या जनुकात शिरलेला फिरता डीएनए खंड असल्याचे त्यांनी दाखविले. मानवातील वर्णहीनतेचा एक प्रकार याच जनुकातील बिघाडामुळे होतो. २०२० मध्ये ‘लॅव्हेंडर’ प्रकाराचा संबंध एलवायएसटी जनुकाशी जोडला गेला. मानवात या जनुकातील दोषामुळे चेडियाक-हिगाशी हा विकार होतो. ‘लॅव्हेंडर’ हे पैदासकारांनी दिलेले नाव विद्यापीठीय संशोधनानेही स्वीकारले, ही बाब लक्षणीय आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, हौशी पैदासकारांनी टिकविलेले वंश व नोंदी ही विज्ञानेतिहासाची महत्त्वाची साधने आहेत. विद्यापीठाबाहेरचे ज्ञान म्हणून त्यांची उपेक्षा करणे योग्य नाही. मात्र ज्या नोंदवहीत रंगाचे वाहक लिहिले जातात, तीत विकाराचे वाहकही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिले गेले पाहिजेत. बेक्टेल दांपत्याने सामान्य दिसणाऱ्या पिल्लांचीही नोंद ठेवली, म्हणूनच त्यांना नियम सापडला. दिसत नाही ते नोंदविण्याची ती शिस्त टिकली, तरच या छंदास ज्ञानसाधना म्हणता येईल. अन्यथा तो केवळ रंगाचा व्यापार उरेल.